शनिवारचा बोटांचा तास

चिंचवडच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी दर शनिवारी दुपारी सुरक्षिततेचा तास घ्यायचो. मी शिक्षक नाही. चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते पाहतो. आयटीआयला अधूनमधून कोणीतरी माणूस पाठवायचा असं कंपनीनं कबूल केलं होतं. सुरक्षिततेच्या तासासाठी मला पाठवायचे, कारण माझ्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं दुसऱ्या पेरापासून नाहीत. ती प्रेस मशीनखाली गेली. सुरक्षिततेवर बोलायला असा हात असलेला माणूस बरा, असा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचा नव्हता.

तासाची घडी बसलेली होती. आधी फळ्यावर हिशेब. प्रेसचा वरचा भाग खाली यायला किती वेळ लागतो आणि माणसाला धोका दिसल्यापासून हात मागे घ्यायला किती, हे दोन आकडे मी एकाखाली एक लिहायचो. दुसरा आकडा मोठा असतो. म्हणजे मशीन सुटल्यावर हात काढून घेऊ, हा विचार गणितातच बसत नाही. मुलं ते वहीत उतरवून घेत. मग मी हात वर करायचो. वर्ग गप्प व्हायचा. ती शांतता मोडायला मी एक विनोद ठेवला होता: दहापर्यंत मोजायचं झालं तर मला बायकोची दोन बोटं उसनी घ्यावी लागतात. मुलं हसत. आणि शेवटी ते वाक्य: "चूक मशीनची नव्हती. माझी होती. माझं लक्ष नव्हतं."

हे वाक्य तिथल्या सरांना फार आवडायचं. ते मुलांकडून ते एकदा म्हणून घेत. चाळीसेक मुलंमुली एका सुरात 'लक्ष नव्हतं' म्हणत. मला त्याचं काही वाटायचं नाही. हातालाही काही वाटत नाही; उरलेल्या टोकांना गरम-गार कळत नाही. चहाचा कप मी त्याच दोन खुंटांवर धरतो, त्याचा तेवढा फायदा.

त्या वर्गात माझी मुलगी होती. डाय बनवायचा ट्रेड तिनं स्वतः निवडला होता. डाय म्हणजे ज्या साच्यात दाबून प्रेस पत्र्याला आकार देते तो. दुसरं वर्ष होतं. मायक्रोमीटरवरचं माप ती माझ्याइतकं चोख वाचायची. शनिवारी मी कंपनीतून अर्धी रजा टाकून चिखलीला घरी यायचो, जेवायचो आणि तिला गाडीवर मागं बसवून चिंचवडला न्यायचो. फाटकाशी ती उतरायची, "पाणी पिऊन येते" म्हणायची आणि वर्गात यायची नाही.

हे मला पहिल्या काही शनिवारीच दिसलं होतं. मी काही बोललो नाही. वडील पुढं उभे असताना बाकावर बसायला मुलांना अवघड जातं, एवढं मी धरून चाललो. आपल्या मुलीचं आपल्याला माहीत आहे असं एकदा मनात बसलं की माणूस पुन्हा मोजून बघत नाही.

एका शनिवारी तास संपल्यावर सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. ते दिघीच्या जुन्या घरातले, वयानं माझ्याएवढेच.

"राव, एक बोलायचं हाय. तुमची पोरगी बसत न्हाई."

मी म्हटलं, माहीत आहे.

"बाकीची पोरं तास चुकवून पिच्चरला जात्यात. ही वर्कशॉपात जाऊन कानस घासत बसती. आता हिला मी काय म्हणू? काम कर म्हणून रागवू का काम करू नगं म्हणून?"

आम्ही दोघं वर्कशॉपच्या दारापर्यंत गेलो. ती शेवटच्या व्हाइसच्या जबड्यात एक चौकोनी ठोकळा आवळून उभी होती आणि कानशीनं त्याची एक बाजू सपाट करत होती. दोन-चार हात मारायचे, गुण्या म्हणजे काटकोनी पट्टी लावून उजेडाकडं धरायचं, परत घासायचं. गुण्याखालून उजेड दिसत नाही तोवर हे चालतं. तिनं वर पाहिलं, मला पाहिलं आणि परत खाली पाहिलं.

सरांनी मग नियम सांगितला. सुरक्षिततेच्या तासांची हजेरी वेगळी धरली जाते. ती भरली नाही तर परीक्षेचं हॉल तिकीट निघत नाही, बाकी सगळ्या विषयांत कितीही चांगली असली तरी. राहिलेले सगळे तास ती बसली तर जेमतेम जमणार होतं. त्यातला एकही चुकला तर नाही. मी विचारलं, माझी मुलगी आहे, हा सगळा तास तिनं घरीच पाहिलेला आहे, तर सूट मिळेल का? सर म्हणाले, तुमचीच पोरगी बसंना तर मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं बोलू? त्यांचं बरोबर होतं. मीही त्यांच्या जागी सूट दिली नसती.

घरी बायकोला सांगितलं. ती घरी साड्यांना पिको-फॉल करते. तिला कारण ठाऊक होतं, असं ती म्हणाली. वर्गातली मुलं मला 'आठबोटे सर' म्हणतात. आडनावासारखं. आले आठबोटे, गेले आठबोटे. मुलीच्या मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं. बापाला असं नाव ठेवलेलं कोणती मुलगी ऐकेल, असं बायकोचं म्हणणं. मलाही ते पटलं. कारण मिळालं की उपाय सोपा असतो. मी ठरवलं, विनोद काढून टाकायचा. बोटं आठच आहेत हे मीच हसून सांगतो, म्हणून मुलं नाव ठेवतात. पुढच्या शनिवारी मी विनोद केला नाही. मुलगी वर्कशॉपातच होती. तिच्या राहिलेल्या तासांत एकाचीही ढील उरली नव्हती. सरांनी तो दिवस हजर धरला, पण पुढं धरणार नाही म्हणाले. एवढं तरी त्यांनी नियम मोडून केलं, आणि मला ते आवडलं नाही.

आमच्याकडं गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारी संध्याकाळी ती घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. बायको पलीकडं शिलाई मशीनवर होती. मी ओरडणारा माणूस नाही. कंपनीत एखादा भाग बाद झाला की आम्ही कोणावर ओरडत नाही, पाच वेळा 'का' विचारतो. भाग बाद का झाला? भोक सरकलं म्हणून. भोक का सरकलं? असं खाली खाली जायचं. पहिलं उत्तर कधी खरं नसतं, तिसऱ्या-चौथ्याच्या पुढं खरं सापडायला लागतं. याला सगळे व्हाय-व्हाय म्हणतात. मी ते नव्या मुलांना शिकवतो आणि त्यांनी आणलेलं तपासतो.

मी विचारलं, तासाला का बसत नाहीस?

आवडत नाही, म्हणाली.

का आवडत नाही?

सगळा पाठ आहे, म्हणाली.

पाठ तर पाढेही आहेत, ते ऐकून कोणी उठून जात नाही. मग हेच का नको?

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "पप्पा, तुम्ही मला व्हाय-व्हाय लावताय का?"

"हो."

"मी काय रिजेक्ट पीस आहे?"

बायको दोरा दातात धरून हसली. मी हसलो नाही, कारण प्रश्न अर्धा राहिला होता. मी म्हटलं, आठबोटे म्हणतात म्हणून येत नाहीस ना?

"ते नाव मीच ठेवलंय," ती म्हणाली.

बायकोनं दोरा सोडला. मुलगी म्हणाली, पहिल्या महिन्यात पोरं मागून कुजबुजायची, लुळा, थोटा, असलं काहीतरी. त्यापेक्षा तिनंच एक चांगलं आडनाव देऊन टाकलं. तुम्हाला कळलं तर तुम्ही हसाल असं वाटलं होतं, असंही म्हणाली. आणि विनोद का बंद केला, असं तिनं उलट मलाच विचारलं. तिच्या मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं की सरांनी आज हसवलं नाही.

म्हणजे माझं पहिलं उत्तर खोटं निघालं होतं, नियमाप्रमाणेच. मी पुढचा 'का' विचारणार, तेवढ्यात तिनं विचारलं.

"पप्पा, तुमच्या व्हाय-व्हायमध्ये 'ऑपरेटरचं लक्ष नव्हतं' हे उत्तर चालतं का?"

"नाही." मी लगेच म्हणालो. हे मी इतक्या जणांना सांगितलेलं आहे की विचार करावा लागत नाही. माणसाचं लक्ष नव्हतं, माणूस चुकला, हे कारण आम्ही घेतच नाही. कागद परत पाठवतो. लक्ष नसलं तरी भाग बाद होणार नाही अशी सोय का नव्हती, ते लिहून आण म्हणतो.

"मग शनिवारी कसं चालतं?"

बायकोची मशीन थांबली.

समोर चहा होता, त्यावर साय धरली होती. मी ती साय पाहत होतो.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक पडदा असतो. त्यात हात गेला की मशीन जागेवर थांबते. पण बाही गेली, पत्र्याचा कोपरा गेला, तरीही थांबते, आणि दर थांबण्याला उत्पादन कमी होतं. म्हणून आमच्या लाइनवर पाळी सुरू झाली की सुपरवायझर तो पडदा बंद करून टाकायचा. त्याला बायपास करणं म्हणायचे. पडदा चालू असल्याचा हिरवा दिवा मग विझलेला असायचा. सगळ्यांना दिसायचा. मी तेव्हा ठेकेदाराकडून आलेला होतो, लातूरकडून येऊन फार दिवस झाले नव्हते, लग्न झालेलं होतं आणि मुलगी पाळण्यात होती. बोटं गेली त्या दिवशी माझं लक्ष मशीनवरच होतं. पत्रा अडकला म्हणून मी तो काढायला हात घातला, आणि पायाखालचं पेडल दाबलं गेलं. पडदा चालू असता तर मशीन खाली आलीच नसती.

दवाखान्यात उत्पादनाचे मोठे साहेब शहाळी घेऊन आले. ते चांगले बोलले. बोटं तर गेलीच आहेत, नोकरी कशाला घालवायची, असं म्हणाले. माझं लक्ष नव्हतं असं मी लिहून दिलं तर कंपनी मला कायम करणार होती, आणि प्रेसवर परत पाठवणार नव्हती. मी डाव्या हातानं सही केली. डाव्या हातानं केलेली ती पहिली सही. कंपनीनं शब्द पाळला. मला तपासणीत घेतलं, कायम केलं. पुढं सुरक्षा सप्ताहात मला नव्या मुलांपुढं उभं करायला लागले, आणि लिहून दिलेलं मी बोलायलाही लागलो. इतक्या वेळा बोललो की सांगताना मला तो विझलेला दिवा आठवायचा बंद झाला.

मुलीला हे बायकोनं सांगितलं होतं, ती दहावीत असताना. मला सांगितलं नव्हतं की सांगितलं आहे.

बायको म्हणाली, "अगं, नोकरी आहे त्यांची."

"मी कुठं काय म्हणाले? त्यांनी काय सांगायचं ते सांगू दे. मी फक्त बसणार नाही."

बायकोनं हॉल तिकिटाचं काढलं. मुलगी म्हणाली, पुढच्या वर्षी देईन परीक्षा. आणि तोवर काय करशील, असं आईनं विचारल्यावर, "कानस मारीन," म्हणाली आणि उठून चहाचा कप उचलून गरम करायला घेऊन गेली. माझा चहा गार झाला आहे हे मला हाताला कळत नाही, ते तिला माहीत असतं.

मी जिद्दीचा माणूस नाही. तिची परीक्षा घालवणं मला परवडणारं नव्हतं आणि नोकरी घालवणंही नव्हतं. सरांचा एक जुना मित्र आमच्या कंपनीत आहे. वर्गात बोललेलं गेटच्या आत पोचायला वेळ लागणार नव्हता. मी दुसऱ्या दिवशी कामावर मापं घेत होतो आणि मधूनमधून दोन्ही बाजू तोलत होतो. तोलून काही निघालं नाही. शेवटी एवढंच ठरलं की जे वाक्य मी दुसऱ्याच्या कागदावर खोडतो ते मला स्वतःच्या तोंडून काढता येत नाही. यात शौर्य काही नव्हतं. तपासणीतल्या माणसाला एक माप दोन ठिकाणी वेगळं आलेलं चालत नाही.

शुक्रवारी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, उद्या बस. ते वाक्य नसेल.

"नक्की?"

"नसेल."

तिनं थोडा विचार केला. "विनोद ठेवला तरी चालेल," म्हणाली.

शनिवारी ती पाणी प्यायला गेली आणि परत आली. शेवटून दुसऱ्या बाकावर बसली. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. हात वर केला. विनोद केला, तो नीट जमला नाही, पण मुलं सवयीनं हसली. मग मी प्रकाशाचा पडदा काढून दाखवला, म्हणजे फळ्यावर रेघांनी, आणि म्हणालो, "माझ्या मशीनवर हा बंद होता. मी बंद केला नव्हता. तो बंद आहे हे मला दिसत होतं."

सर खिडकीपाशी मोबाइल पाहत उभे होते. त्यांनी मान वर केली. मुलांकडून म्हणून घ्यायचं वाक्य आलं नाही म्हणून ते थोडे थांबले, मग काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाले. या तासाला कधी कोणी काही विचारत नसे.

मुलीनं हात वर केला. वर्गात ती मला सर म्हणाली. "सर, पडदा बंद असेल तर ऑपरेटरनं काय करायचं?"

"मशीन चालवायची नाही."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर न करताच विचारलं, "आणि सुपरवायझर म्हणला चालव, तर?"

याचं उत्तर नियमावलीत आहे. चालवायची नाही आणि वर कळवायचं. ते मला तोंडपाठ होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, आणि ठेकेदाराकडून आलेला, पाळण्यात मुलगी असलेला माणूस कोणाला कळवणार, हे तिथं कुठंच लिहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. मुलगी माझ्याकडं पाहत होती. बाकीचेही पाहत होते.

मी म्हटलं, "मी चालवली होती."

कोणी वहीत काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी फळा पुसला. सरांनी हजेरी घेतली. माझ्या मुलीचा नंबर आला तेव्हा ती हजर म्हणाली.

व्हरांड्यात सर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. "व्हय, बरोबर हाय तुमचं," म्हणाले. "पण राव, आता मला पंचाईत झाली." मी म्हटलं, मलाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीतून निरोप आला की शनिवारची अर्धी रजा टाकायची गरज नाही, आयटीआयला आता फिल्म दाखवणार आहेत. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मी तपासणीतच आहे. साहेब लोक पूर्वीसारखेच बोलतात. कधीकधी एखादा जरा जपून बोलतो असं वाटतं, पण ते मोजता येत नाही, म्हणून मी ते धरत नाही.

राहिलेले सगळे तास मुलगी बसली. हॉल तिकीट निघालं, ते तिनं देव्हाऱ्याजवळ ठेवलं. पहिली फिल्म दाखवली त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा मी पाळी संपवून जेवत होतो. कशी होती, विचारलं.

"बरी होती. कार्टूनचा माणूस होता. त्याची बोटं जातात."

"मग?"

"मग तो सांगतो, माझं लक्ष नव्हतं." तिनं ताट घेतलं आणि माझ्यासमोर बसली.

मी विचारलं, तरी पूर्ण बसलीस?

"बसले की. तो काय माझा कोण आहे?" ती म्हणाली, आणि आईनं दोघांना नव्यानं वाढलेल्या आमटीच्या वाटीला बोट लावून पाहिलं. मग माझी वाटी माझ्यापासून जरा लांब सरकवली. गरम होती.